पोरगं वर्गात झोपतं म्हणून आळशी ठरतं: शाळेतला समुपदेशक नेमकं काय करतो?

यंत्रमागाच्या गावातली एक उर्दू शाळा. नववीच्या वर्गात साठच्या वर पोरं. त्यातला एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपायचा. सरांनी आधी रागावून पाहिलं, मग वर्गाबाहेर उभं केलं, मग अब्बांना बोलावलं. अब्बा आले नाहीत. सहामाहीत गणितात ९ मार्क पडले तेव्हा स्टाफरूममध्ये निकाल लागल्यातच जमा होता, ‘हा काही दहावी करत नाही.’

मी तेव्हा त्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात होतो, म्हणून पुढचं माहीत आहे. त्या वर्षी समाजकार्याच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस शाळेत यायची. तिने त्या मुलाला ‘का झोपतोस’ असं विचारलंच नाही. ‘कालचा दिवस सांग, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत,’ एवढंच म्हणाली. दिवस सांगता सांगता रात्र आली. अब्बांची पाठ गेली होती, घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हा मुलगा रात्री दोन-अडीच वाजेपर्यंत कारखान्यात कांड्या भरत होता. अब्बा शाळेत का येत नव्हते तेही कळलं. त्यांना जिना चढता येत नव्हता आणि ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं.

चार महिने कुणाला न कळलेली गोष्ट वीस मिनिटांत कळली. शिक्षक वाईट होते असं अजिबात नाही. साठ मुलं, आठ तास, पोर्शन, वर सरकारी माहिती भरायची. त्यांच्याकडे ही वीस मिनिटंच नव्हती. ज्याच्याकडे ही वीस मिनिटं असतात आणि ती कशी वापरायची याचं शिक्षण असतं, त्याला समुपदेशक म्हणतात.

समुपदेशक म्हणजे उपदेशक नव्हे

या शब्दातच एक घोटाळा आहे. ‘उपदेश’ ऐकला की आपल्याला वाटतं, कुणीतरी समोर बसवून चार चांगल्या गोष्टी सांगणार. उपदेश करायला घरात दादा आहेत, नाना आहेत, शुक्रवारी खुतबा आहे, शाळेत मुख्याध्यापक आहेत. मुलाला उपदेशाची कमतरता कधीच नसते. समुपदेशकाचं निम्म्याहून जास्त काम ऐकण्याचं असतं आणि उरलेलं, मुलाला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करण्याचं.

तो शिस्तीचा हवालदारही नव्हे. काही शाळांत ‘थांब, तुला काउन्सिलरकडे पाठवते’ ही धमकी झाली आहे. एकदा का ती खोली शिक्षेची खोली झाली की ज्या मुलाला खरी गरज आहे तो तिकडे फिरकत नाही. आणि समुपदेशक म्हणजे डॉक्टरही नव्हे. तो गोळ्या देत नाही. मुलाचा त्रास आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे वेळेत पाठवणं हे मात्र त्याचं काम आहे.

हा पेशा सुरू झाला तो नोकरीच्या प्रश्नातून. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी गरीब आणि स्थलांतरित घरांतल्या तरुणांना ‘कोणतं काम आपल्याला जमेल’ हे शोधायला मदत करणारं केंद्र काढलं. पुढे लक्षात आलं की पोटाचा प्रश्न, अभ्यासाचा प्रश्न आणि मनाचा प्रश्न हे तीन वेगळे कप्पे नाहीत. आज तिथल्या शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. आपल्याकडे हजार-दीड हजार मुलांच्या शाळेतही एक नसतो, ही गोष्ट वेगळी.

सुप्रीम कोर्टाने काय सांगितलं आहे

हे मोठ्या शहरातल्या महागड्या शाळांचे लाड आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी २५ जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत करून घ्यावा. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्यात देशभरातल्या शिक्षण संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असं म्हटलं.

त्यातली आपल्या कामाची सूचना अशी: ज्या संस्थेत १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत.

कोर्टासमोर आकडे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रातली होती, १,७६४. परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदलेले मृत्यू देशभरात २,२४८ होते, त्यात विद्यार्थ्यांखेरीज इतरही असतील. म्हणजे फक्त नापास होण्यापुरता हा प्रश्न नाही. घर, एकटेपणा, छळ, आजार अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि एकाच कारणावर बोट ठेवणं बहुतेक वेळा चूक असतं.

मन आणि मार्क

पालक विचारतात, ‘ते सगळं ठीक आहे, पण टक्के वाढतील का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या घरात पोराच्या शिकण्यावर सगळ्यांचा डोलारा उभा आहे तिथे हा प्रश्न येणारच.

उत्तर असं की मनात चिंता गोंगाट करत असेल तर वाचलेलं डोक्यात थांबत नाही. गणित करताना आकडे मनात धरून ठेवावे लागतात. ती जागा ‘आज घरी काय झालं असेल’ या विचाराने भरलेली असेल तर आकडे निसटतात. २०११ साली जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुलं होती सुमारे २ लाख ७० हजार. भावना ओळखणं, राग आवरणं, मदत मागणं, मैत्री टिकवणं अशा गोष्टी जिथे वर्गात शिकवल्या गेल्या, तिथल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी इतरांपेक्षा सरासरी ११ शतमक अंकांनी वर होती. आता यातलं बरंचसं काम वर्गशिक्षकांनीच केलं होतं, हेही सांगायला हवं. समुपदेशक एकटा खोलीत बसून शाळा बदलत नाही.

म्हणून चांगल्या समुपदेशकाचा आठवडा नुसत्या ‘केस’मध्ये जात नाही. काही तास वर्गावर असतात. सातवी-आठवीत शरीर बदलतं त्याबद्दल, मोबाइलबद्दल, नववीत अभ्यासाच्या वेळापत्रकाबद्दल. काही वेळ सहा-आठ मुलांच्या छोट्या गटासोबत जातो, म्हणजे ज्यांचे वडील वारले आहेत अशी मुलं, किंवा नव्याने शाळेत आलेली मुलं. आणि बराच वेळ शिक्षकांशी बोलण्यात जातो. हजेरीपट हा त्याचा सगळ्यात उपयोगी कागद असतो. मार्क पडायच्या कितीतरी आधी हजेरी पडायला लागते. दर सोमवारी गैरहजर राहणारं पोर, जेवणाच्या सुट्टीनंतर घरी पळणारी मुलगी, हे सगळं तिथे दिसतं.

आणखी एक गोष्ट जी आपल्याकडे फार उशिरा कळते, ती म्हणजे अध्ययन अक्षमता. मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण लिहायला बसला की अक्षरं उलटी, जोडाक्षरं गायब. आपण म्हणतो, लक्ष नाही. उर्दू, मराठी, इंग्रजी आणि घरी कुरआनपठणासाठी अरबी, अशा लिप्या एकदम शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर ‘गोंधळतोय बिचारा’ म्हणून विषय सोडून दिला जातो. खरंच गोंधळ आहे की अक्षमता, हे तपासल्याशिवाय कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये यासाठी खास क्लिनिक आहे. पण ही प्रक्रिया आठवी-नववीत सुरू करावी लागते. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही.

आपल्या मोहल्ल्यातले प्रश्न

समुपदेशनाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यातली मुलं वेगळ्या घरांतली आहेत. आपल्या मुलांचे काही प्रश्न जागेवर बसूनच समजून घ्यावे लागतात.

पहिला, अकरावीचा खड्डा. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली मुलगी ८५ टक्के मिळवते, सायन्सला जाते आणि पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या तासाला तिला काही कळेनासं होतं, कारण सगळं इंग्रजीत. विषय तिला येतो, शब्द येत नाहीत. ती स्वतःला ‘ढ’ समजायला लागते. काहीजणी दिवाळीपर्यंत कॉलेज सोडतात आणि घरी सांगतात की तब्येत बरी नव्हती. समुपदेशक असेल तर दहावीची परीक्षा आणि अकरावीचं कॉलेज यांच्यामधल्या सुट्टीत विज्ञान-गणिताच्या इंग्रजी शब्दांचा वर्ग लावता येतो, त्याच कॉलेजात गेलेल्या आधीच्या मुलींशी गाठ घालून देता येते. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते, ही माहितीसुद्धा अनेक घरांत पोहोचलेली नसते.

दुसरा, निर्णयाचा. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, ते जमलं नाही तर कॉमर्स, तेही नाही तर ‘काम शिक’. मधले रस्ते, म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आयटीआयचे ट्रेड, नर्सिंग, लॅब टेक्निशियन, हॉटेल व्यवस्थापन, यांची चर्चाच होत नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम चुकीचा भरला तर घरापासून दूरचं कॉलेज लागतं, आणि दूरचं कॉलेज म्हणजे पुष्कळ मुलींसाठी शिक्षण बंद. अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या समाजासाठी राखीव कोटा असतो, त्याचे कागद वेळेत लागतात. फॉर्म भरून देणं हे समुपदेशकाचं काम नव्हे असं काहीजण म्हणतील. माझं मत उलट आहे. केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाल्यावर किती घरांचं गणित बिघडलं ते ज्याने पाहिलंय, त्याला फॉर्म आणि मन यांत भिंत घालणं जमणार नाही.

तिसरा, मुलींच्या लग्नाचा. नववी-दहावीतली मुलगी अचानक गप्प होते, मैत्रिणींना वह्या देऊन टाकते. घरात ‘चांगलं स्थळ’ आलेलं असतं. कायद्याने मुलीचं वय १८ पूर्ण हवं. पण थेट कायदा दाखवला की दार बंद होतं आणि मुलगी गावाला पाठवली जाते. अनुभवी समुपदेशक आधी घरातलं ऐकणारं माणूस शोधतो. कधी ती फुफी असते, कधी शिकलेला मामा, कधी मोहल्ल्यातले इमामसाहेब. ‘बारावी होऊ द्या, मग बघू’ इथपर्यंत गोष्ट आली तरी दोन वर्षं मिळतात. मात्र तारीख ठरली असेल तर गप्प बसता येत नाही, १०९८ या चाइल्डलाइनला कळवावंच लागतं.

चौथा, टोमण्यांचा. मिश्र वस्तीतल्या शाळेत टीव्हीवर काही तापलं की दुसऱ्या दिवशी डब्यावरून, नावावरून, टोपीवरून शेरे येतात. मूल घरी सांगत नाही, कारण घरचे शाळाच बदलतील ही भीती. ते पोट दुखतंय म्हणतं. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. समुपदेशकाने त्या मुलाशी बोलावं, शेरे मारणाऱ्यांशीही बोलावं (तीही मुलंच आहेत, कुठूनतरी ऐकूनच बोलतात), आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाच्या मानसिक छळावर बंदी आहे.

आणि रमजान. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि रोजे २ मार्चला सुरू झाले. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे आणखी काही वर्षं परीक्षा किंवा तयारीचे दिवस त्याच्याशी गाठ घालणार. मुलं तरावीहनंतर रात्री उशिरा झोपतात, सहरीला उठतात, पेपर सकाळी ११ ला. खरी अडचण भुकेपेक्षा झोपेची असते. सहरीनंतर दीड-दोन तास शांत वाचन, पेपरहून आल्यावर झोप, अवघड विषय इफ्तारनंतर लगेच न घेणं, असं वेळापत्रक जानेवारीतच मुलासोबत बसून बनवता येतं. रोजा ठेवायचा की नाही हे समुपदेशकाने सांगायचं नसतं. आजारी मुलाबद्दल घरचे डॉक्टर आणि मौलाना यांना विचारतील. त्याने झोपेचा हिशोब मांडून द्यावा, बस्स.

‘घरी सांगणार नाही ना?’

प्रत्येक मुलाचा पहिला प्रश्न हाच असतो. समुपदेशकाकडे बोललेलं बाहेर जात नाही, हा या कामाचा पाया आहे. स्टाफरूममध्ये चहासोबत मुलाची गोष्ट सांगितली गेली की त्या शाळेतलं समुपदेशन तिथेच संपतं.

पण याला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगाव्या लागतात. मूल स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, किंवा त्याचं लैंगिक शोषण होत असेल, तर सांगावंच लागतं. शेवटच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा कुणालाच गप्प राहण्याची मुभा देत नाही, मग शोषण करणारा नातेवाईक असो की शाळेतलाच कुणी. ‘घराण्याची इज्जत’ या नावाखाली दाबलेली प्रकरणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत.

पालकांची भीती वेगळी असते. ‘माझ्या पोरीला वेडी ठरवाल, उद्या रिश्ता यायचा नाही.’ कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं असर आहे, आणि आमिलकडे नेतात. इथे समुपदेशकाने वाद घातला तर हरला. ‘दुआ करा, आणि सोबत एकदा डॉक्टरांनाही दाखवू’ एवढं म्हटलं तर बहुतेक अम्मी तयार होतात. ताप आला की आपण दुआही करतो आणि पॅरासिटामोलही देतो, यात आजवर कुणाला विसंगती वाटलेली नाही.

पद नाही, पैसे नाहीत, मग?

अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक म्हणतील, शिक्षकांच्याच जागा रिकाम्या आहेत, समुपदेशक कुठून आणू? हे खरं आहे. तरी रस्ते आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्याची कॉलेजं आहेत. तिथे एक पत्र देऊन सुरुवात करता येते. एकाच ट्रस्टच्या किंवा शेजारच्या तीन-चार शाळा मिळून एक समुपदेशक ठेवू शकतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथे समुपदेशक मोफत भेटतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं.

नेमताना एवढं बघा: मानसशास्त्र किंवा समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, किंवा समुपदेशनाचा रीतसर डिप्लोमा आहे का. दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘काउन्सिलर’ची पाटी लावणारे बरेच झालेत. मुलींच्या शाळेत शक्यतो बाई असाव्यात. त्यांना उर्दू-हिंदी समजावी. आणि त्यांना बदली तासावर, परीक्षेच्या पाळतीवर, जनगणनेवर पाठवू नका. एक खोली द्या, तिच्या दाराला पडदा असला तरी चालेल, पण ती स्टाफरूममधून दिसणारी नको.

पालकसभेत आपण फी, गणवेश, टॉयलेट यांवर बोलतो. पुढच्या सभेत एक प्रश्न लेखी द्या: सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निकालाप्रमाणे आपल्या शाळेने कुणाला नेमलंय, आणि नसेल तर कुठल्या तज्ज्ञाशी जोडून घेतलंय? उत्तर शाळेच्या शिक्क्यासह मागा.

त्या नववीतल्या मुलाचं पुढे काय झालं, असं विचाराल. चमत्कार वगैरे काही झाला नाही. त्या विद्यार्थिनीने अब्बांना घरी जाऊन भेटून सरकारी रुग्णालयात दाखवलं, शाळेने खालच्या मजल्यावर त्यांच्याशी बैठक घेतली, मोहल्ल्यातल्या बैतुलमालमधून सहा महिने रेशन सुरू झालं आणि मुलाचं रात्रीचं काम थांबलं. गणिताच्या सरांनी शाळा सुटल्यावर त्याला अर्धा तास द्यायला सुरुवात केली. हे तेच सर, ज्यांनी त्याला बाहेर उभं केलं होतं. दहावीला त्याला ५२ टक्के पडले, गणितात ४१. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मिळाला. मागच्या ईदला तो अब्बांना घेऊन शाळेत आला होता. ऑफिस अजूनही पहिल्या मजल्यावरच आहे, त्यामुळे अब्बा खाली कट्ट्यावर बसले आणि मुख्याध्यापक खाली आले.